चुलीचा तिसरा दगड

ट्रकच्या फळीवर ठेवलेला पाय कौशल्याबाईनं मागे घेतला… आणि सिरसाळ्याच्या त्या आळीत निरोपाला गोळा झालेली माणसं बोलता बोलता गप्प झाली!

नारळ फुटला होता. बोनेटला हळदकुंकू लागलं होतं. बाजरीची पोती, सरपण, पत्र्याच्या पेट्या, दोन शेळ्या, डालग्यात कलकलणाऱ्या कोंबड्या आणि त्यांच्याहून जास्त कलकलणारी पोरं, सगळं गाडीत चढलं होतं. ऊसतोडीला निघालेल्या टोळीतली खाली उरली होती ती एकटी कौशल्याबाई. स्वयंपाकाला आणि लेकरं सांभाळायला तीही दरवर्षी जात असे. पण आज ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून, डावा पाय जरा जपून टेकवत जो माणूस खाली उतरला, त्याला पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिचा थोरला लेक होता. शहादेव!

"अभिमन्यू," थोरल्याकडे न बघता ती धाकट्याला म्हणाली, "ही गाडी कावून आणली?"

अभिमन्यू टोळीचा मुकादम. चाळीस माणसांना हुकूम सोडणारा हा गडी आईपुढे मात्र शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. "माय, ठरलेली गाडी काल बंद पडली. उद्या कारखान्यावर हजर न्हाई झालो, तर आपलं रान दुसऱ्या टोळीला जातंय. सगळीकडं फोन लावले, एक गाडी मिळंना. दादा न्हाई म्हनला न्हाई, म्हणून…"

"मग तुमी जा. मी न्हाई येत."

 शहादेवच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. चौदा वर्षं! एकाच गावात, दोन आळ्या सोडून राहून चौदा वर्षं ही माउली आपल्याशी एक शब्द बोलली नव्हती. बाजारात समोरून आली तर पदर ओढून वळायची. नातं होतं, गाव होतं, सणवार होते. फक्त आई नव्हती. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले आणि भावाकडे बघून शांतपणे म्हणाला,

"अभिमन्यू, मायला सांग, मला बघायची काई गरज न्हाई. मी म्होरं रस्त्याकडं बघतो, ती मागं बसंल. दोघांमदी पत्रा हाय."

टोळीतल्या दोन-चार बाया हळूच डोळे पुसायला लागल्या. गाडीतून अभिमन्यूची जुळी पोरं 'आजी, आजी' करून हंबरडा फोडत होती.  मग कौशल्याबाईनं पुन्हा फळीवर पाय ठेवला आणि पाठ फिरवून, अगदी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"बघून चालव बे, बिनदगड्या," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला कोपरखळी मारून गप्प केलं.

बिनदगड्या! गावाला नाव ठेवायला एक दुपार पुरते. पुसायला मात्र जन्म जातो, तरी ते पुसत नाही. शहादेवनं ते नाव ऐकलं, हसला आणि गाडीत चढला.

त्याचं चढणंही बघण्यासारखं होतं. उजव्या हातानं दांडी, उजवा पाय पायरीवर, एक झोका, आणि गडी सीटवर! डाव्या पायाला गुडघ्याखाली रबराचं पाऊल होतं. पेडलवरून निसटू नये म्हणून त्या बुटाच्या तळाला त्यानं जुन्या टायरचा तुकडा ठोकून घेतला होता. क्लच डाव्या पायाचा, आणि पाऊल तर जिवंत नाही. मग क्लच कुठे धरतो, कुठे सोडतो हे याला कळतं कसं, असं दर नवा माणूस विचारी. शहादेव गुडघ्यावर थाप मारी. "मला इथं कळतं. तुमाला जे तळव्याला कळतंय, ते मला गुडघ्याला कळतंय. वरचा मजला हाय, जास्त लांबचं दिसतं!"

पण हा गुडघा शहाणा व्हायला दोन वर्षं लागली होती. पहिल्या वर्षी तो कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या दारात राखणदार म्हणून खुर्चीवर बसला. मग एका ओळखीच्याच्या शेतात, कुणी नसताना, ट्रॅक्टरवर चढला. शंभरदा बंद पाडला. कातडी सोलून रक्तानं मोजा चिकटला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. दाखल्यांसाठी चकरा मारल्या, साहेबासमोर परीक्षा दिली. गाडी चढावर थांबवून, इंचभरही मागे न जाऊ देता पुढे काढून दाखव, असं साहेब म्हणाला. शहादेवनं एकदा नाही, तीनदा काढून दाखवली. साहेब सही करताना मान हलवत राहिला. तेव्हापासून कापूस, कांदा, विटा, सिमेंट… बारा वर्षांत त्याच्या गाडीला एक ओरखडा नाही! आणि गाडी कुठेही उभी केली की गिअर, हँडब्रेक आणि वर चाकामागे दोन दगड, हा त्याचा शिरस्ता. ढाब्यावरचे ड्रायव्हर टर उडवत. सपाट जागेवर दगड लावतो म्हणून हसत. तो हसू देई.

तेलगाव मागे पडलं, वडवणी मागे पडली. दसरा होऊन आठवडा झालेला, कापूस फुटून रानं पांढरी झालेली. मागून बायांच्या गाण्याचा आवाज येत होता. शहादेवचे कान मात्र त्या आवाजांत एकच आवाज शोधत होते, आणि तो काही सापडत नव्हता.

शेजारी अभिमन्यू बसला होता. तो म्हणाला, "वहिनी लई चिडली असंल न्हाई?"

"चिडली की. 'ज्या दारानं चौदा वर्सं पाणी इचारलं न्हाई, त्या दारात गाडी घेऊन कावून जाता?' म्हनली."

"मग?"

"मग भाकरी बांधून दिली. तुमच्यासाठी बी दिलीय. तिचा राग असाच आस्तोय."

अभिमन्यूनं खाली मान घातली. मंगलवहिनीचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा शहादेवचा पाय गेला. त्या दिवसापासून ती आणि तो, दोघांचंच जग. सासूनं तिला त्यानंतर सून म्हणून हाकही मारली नव्हती. अभिमन्यूला हे सगळं ठाऊक होतं, पण त्याच्याही मनात एक गाठ होतीच. शेवटी त्याचाही बाप त्या दिवशी गेला होता…

चौदा वर्षांपूर्वीची ती सकाळ! टोळी पश्चिमेकडे, नदीकाठच्या रानात होती. तिकडची माती काळीभोर आणि मऊ. दिवसभर हिंडलं तरी मुठीएवढा दगड सापडत नाही. म्हणून बालाघाटाच्या डोंगराकडच्या बाया घरून निघतानाच चुलीचे तीन दगड पोत्यात घालून गाडीत टाकतात आणि ते सहा महिने जीवापाड जपतात. आज इथे, उद्या तिथे. राहायची पाचटाची कोपी मोडते, जागा बदलते, पण ते तीन दगड मांडले की तिथे घर उभं राहतं. एकीच्या चुलीचा दगड दुसरीनं उचलला तर टोळीत आठ दिवस अबोला चालतो, इतकं त्यांचं मोल!

त्या सकाळी शहादेव ऊस भरायला एक जुनी गाडी घेऊन रानात आला. हँडब्रेक नावालाच होता. जमिनीला कालव्याकडे उतार. चाकामागे लावायला काही मिळेना, आणि आई तर कालव्यावर पाणी आणायला गेलेली. तिच्या मांडलेल्या चुलीतला एक दगड त्यानं उचलला, चाकामागे घट्ट बसवला आणि माणसं ऊस भरायला लागली. आई आली की तिला सांगू, असं तो मनात म्हणाला. तेवढ्यात दोराची गाठ सुटली म्हणून कुणीतरी हाक मारली आणि ते सांगायचं राहून गेलं.

पुढं जे झालं ते पापणी लवायच्या आत झालं. गाडी अर्ध्याहून जास्त भरली होती. वडील, बिभीषणअण्णा, डोक्यावर मोळी घेऊन मागच्या फळीवर चढत होते. गाडी एकदम मागे सरकली… अण्णा खाली पडले… शहादेव त्यांना ओढायला धावला, त्याच्या हातात अण्णांचा हात आलाही होता! पण चाक थांबलं नाही. ते थांबलं तेव्हा अण्णा नव्हते, आणि शहादेवचं डावं पाऊल मातीत रुतून गेलं होतं.

तिथे, त्या मातीत पडल्या पडल्या, त्याची नजर समोर गेली. तीस पावलांवर आईची चूल पेटली होती. तीन दगडांवर तवा ठेवलेला. दोन दगड काजळीनं काळे, आणि तिसऱ्याला टायरनं दाबलेली ओली माती!

शहादेवला सगळं कळलं. सगळे फडात मोळ्या उचलत असताना आई पाणी घेऊन आली असणार. आपला दगड चाकाखाली बघून, 'कुणी मेल्यानं नेला' असं म्हणत तो ओढून घेऊन गेली असणार. तेव्हा गाडी हलली नसेल. ओझं वाढल्यावर हलली. तिला ठाऊकसुद्धा नसेल! आणि हे तिला कधी कळलं, की आपल्याच हातानं आपण आपलं कुंकू पुसलं, तर ती माउली एक रात्र तरी जगेल का? दवाखान्यात जबाब घ्यायला पोलीस आले, तेव्हा शहादेव म्हणाला, "मी दगड लावलाच न्हवता. इसरलो."

एवढंच वाक्य. त्या एका वाक्यानं त्याचं नाव गेलं, काम गेलं, भाऊ दुरावला. आणि आईनं तोंड फिरवलं. नवऱ्याच्या मरणाला कारण झालेल्या लेकाचं तोंड कोणती बाई बघेल? हे दुःख त्यानं स्वतःच्या हातानं मागून घेतलं होतं, म्हणून त्यानं तक्रार केली नाही. मंगललाही कधी सांगितलं नाही. एका माणसाच्या पोटात राहिलेली गोष्टच बाहेर फुटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बीड ओलांडून गाडी मांजरसुंब्याला आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पोरं भुकेनं रडत होती. शहादेवनं ढाब्यांची रांग सोडून पुढे, लिंबाच्या सावलीत गाडी घेतली. जागेला थोडा उतार होता. त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, सीटमागून आपले दोन घडीव चपटे दगड काढले आणि मागच्या चाकांना लावले. पाच मिनिटं पाय मोकळा करावा म्हणून तो पुढच्या बाजूला पायरीवर टेकला. माणसं उतरली. गाडीच्या मागे, जिथे सावली दाट होती, तिथे बायांनी लेकरं बसवली.

तान्ह्या पोरांसाठी दूध गरम करायचं होतं. चुलीचे दगड सामानाच्या तळाशी दबलेले. शहादेवच्या चुलत पुतण्याची, सिदूची, नवी बायको करिष्मा उत्साहानं उठली. बारावी शिकलेली, टोळीतला तिचा पहिलाच हंगाम; काम दिसलं की धावायची. रस्त्याच्या कडेला तिला दोन दगड मिळाले. तिसरा मिळेना. इकडे तिकडे बघता बघता तिची नजर चाकामागच्या त्या छान चपट्या दगडावर गेली. ती वाकली. तिनं दोन्ही हातांनी दगड धरला…

"हात लावू नको!"

ती किंकाळी अशी होती की ढाब्यावरची माणसं उठून उभी राहिली. कौशल्याबाई धावत सुटली होती. पदर मातीत लोळत होता, चप्पल कुठेतरी मागे राहिली होती. "सोड! सोड तो दगड! मागं लेकरं हायती गं!" तिनं करिष्माला असं ढकललं की ती पोर चार हात लांब जाऊन पडली. आणि मग कौशल्याबाई स्वतः त्या दगडावर दोन्ही तळवे दाबून, सगळं अंग टाकून बसली. जणू साऱ्या ट्रकला ती एकटी धरून ठेवणार होती!

करिष्मा रडकुंडीला आली. "आजी… मी तर चुलीसाठी…"

"चुलीसाठीच!" कौशल्याबाईचा आवाज चिरला. "चुलीसाठीच उचललाता म्या बी!"

 शहादेव लंगडत, शक्य तेवढ्या लवकर तिथे पोहोचला.  गाडीची त्याला काळजी नव्हती. ती इंचभर हलणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याला भीती होती ती आईच्या पुढच्या शब्दाची.

"माय, गप. गाडी गिअरात हाय, ब्रेक वढलेला हाय. दगड काढला तरी हालायची न्हाई. ऊठ."

कौशल्याबाईनं मान वर केली. चौदा वर्षांनी तिनं लेकाच्या डोळ्यांत पाहिलं.

"न्हाई गप बसत," ती म्हणाली. "लई गप बसले… ऐका रं समदे! अभिमन्यू, तू बी ऐक. ह्याला बिनदगड्या म्हणता न्हवं तुमी? ह्यानं दगड लावलाता! म्या काढला. माज्या चुलीचा दगड म्हणून, शिव्या देत देत चाकाखालून वढून न्हेला. त्याच्यावर तवा ठेवला. भाकरी थापत बसले… आन् तिकडं माजा धनी गेला! माज्या लेकाचा पाय गेला! ह्या हातांनी…"

अभिमन्यू जागच्या जागी खिळला. बायांनी तोंडाला पदर लावले. शहादेव खाली बसला; रबराचं पाऊल वाकत नाही, म्हणून तो पाय लांब पसरून आईच्या समोर मातीतच बसला. इतकी वर्षं जे झाकायला सगळं दिलं, ते उघडं पडलं होतं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मला ठाऊक हाय, माय."

"काय ठाऊक हाय?"

"समदं. पडलो तवाच बघितलं म्या. चुलीतला तिसरा दगड. त्याला टायरची माती लागलीती."

कौशल्याबाईनं दगड आणखी घट्ट दाबून धरला. 

"तुला… तुला ठाऊक होतं? आन् तरी तू पोलिसाला…? देवा रे! दवाखान्यात तू बोलत होता तवा मी दाराआड उभी होते. मला वाटलं, पोराच्या डोक्याला मार लागलाय, ह्याला खरंच वाटतंय की आपणच इसरलो. म्हनलं, आता जावं आन् खरं सांगावं. पण पाय उचलंना. उद्या सांगू म्हनलं. उद्याचा परवा झाला. मग तुज्या म्होरं यायचीच भीती वाटाया लागली. लोक म्हनले, कौशल्या पोराचं तोंड बघत न्हाई. शहादेवा, मला माजं तोंड तुला दाखवायची लाज वाटत होती रं! तू लंगडत रस्त्यानं आला की माजं काळीज फाटायचं, म्हणून मी पदर वढायचे…"

शहादेवा! ही हाक त्यानं विसरायचं ठरवलं होतं. आईला कळू नये म्हणून तो गप्प राहिला होता, आणि आई त्याच्यापुढे येऊ शकत नव्हती म्हणून ती गप्प होती! ज्या आगीपासून तिला वाचवायला त्यानं आपलं आयुष्य आडवं घातलं, त्याच आगीत ती पहिल्या दिवसापासून एकटी जळत होती. त्याचा त्याग कामालाच आला नव्हता… मग दुसऱ्याच क्षणी छातीवरचं कितीतरी जुनं ओझं उतरलं आणि त्याला मोकळा श्वास घेता आला.

"माय, हे बघ," तो तिचे दोन्ही हात दगडावरून सोडवत म्हणाला, "दगड तुज्या चुलीचा होता. म्या तुला न इचारता न्हेला. तू मला न इचारता परत न्हेला. आपल्या दोघांचं चुकलं ते एवढंच. आन् चौदा वर्सं बी आपण तेच करत बसलो बघ. एकमेकाला न सांगता."

तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि ती मोठ्यानं रडली. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, हे टोळीतल्या जुन्या बायांना आठवत होतं. आज त्यांनी तिला अडवलं नाही.

अभिमन्यू पुढे आला. टोळीचा दरडावणारा मुकादम, पण डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तो भावापुढे गुडघ्यावर बसला. "दादा, मी तुला काय काय बोललो… लोकांत तुजं नाव काढलं तर मान फिरवली. मला मार, दादा. लाथ घाल मला!"

"लाथ?" शहादेवनं डोळे पुसले आणि त्याच्या आवाजात तो नेहमीचा गाडीवाला परत आला. "एक पाय रबराचा, तो तुला लागायचा न्हाई. आन् दुसऱ्यानं मारली तर मी पडंल. ऊठ बे, लेकरांचं दूध राहिलंय!"

रडता रडता चाळीस माणसं हसली. करिष्माला बायांनी उठवून जवळ घेतलं. सामानाच्या तळातून चुलीचे दगड निघाले आणि लिंबाखाली दूध चढलं.

कौशल्याबाई मात्र हलली नव्हती. तिची नजर लेकाच्या पसरलेल्या डाव्या पायावर होती.

"दाव," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. म्या बघितलाच न्हाई कंदी."

शहादेव संकोचला. लोकांसमोर तो पाऊल कधी काढत नसे. पण लहानपणी काटा बोचल्यावर जसा पाय पुढे करायचा, तसा त्यानं आताही केला. पट्टा सोडला, पाऊल बाजूला ठेवलं, मोजा उतरवला. पाच तास क्लच दाबून तो भाग लालबुंद सुजला होता. कौशल्याबाईनं तो मांडीवर घेतला. पदराचं टोक पाण्यात भिजवून ती हळूहळू पुसायला लागली. जन्मल्यावर जो पाय तेल लावून चोळला, चालायला शिकवला, तो इथे संपत होता. तिचं बोट तिथपर्यंत जाई आणि थबके.

"दुखतो का रं?"

हा प्रश्न डॉक्टरनं विचारला होता, परीक्षेच्या दिवशी साहेबानं विचारला होता, मंगल तर रोज विचारी. प्रत्येकाला शहादेवनं 'न्हाई' म्हणून सांगितलं होतं, तेही असं हसत की पुढे कुणी विचारू नये. आता त्यानं आईकडे पाहिलं. 

"दुखतो, माय," तो म्हणाला. "लई दुखतो."

 ती नुसती पुसत राहिली.

दूध झालं, भाकऱ्या झाल्या, पोरं शांत झाली. निघायची वेळ आली. शहादेवनं मोजा बदलला, पाऊल चढवलं, पट्टा आवळला आणि झोका घेऊन सीटवर बसला. दुसऱ्या बाजूनं अभिमन्यूनं दार उघडलं, तर पायरीवर आधीच कौशल्याबाई उभी!

"तू मागं बस," ती धाकट्याला म्हणाली. "इथं मी बसते."

सहासष्ट वर्षांची बाई सीटवर मांडी घालून ऐसपैस बसली. पुढची मोठी काच, आरशाला लटकवलेलं लिंबू, गिअरची दांडी, सगळं तिनं नीट न्याहाळलं आणि मग म्हणाली, "फोन लाव."

"कुणाला?"

"मंगलला. दुसऱ्या कुणाला?"

शहादेवनं फोन लावून स्पीकर चालू केला आणि दोघांच्या मध्ये धरला. पलीकडून मंगलचा घाईचा आवाज आला. "कुठवर गेलात? जेवलात का? पायाचं कसं हाय?"

"मी बोलते," कौशल्याबाई म्हणाली. "तुजी सासू."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. 

"ऐकू येतंय न्हवं? नवऱ्याचा पाय हा एवढा सुजलाय, आन् तू त्याला एकच मोजा देऊन धाडतीस? तेल न्हाई, फडकं न्हाई! काई ध्यान हाय का न्हाई तुजं? आता हंगाम संपला की मी तिकडंच ऱ्हायला येते. मला दाव एकदा, कसं बघतीस तू माज्या लेकाकडं ते!"

खरं म्हणजे मंगलनं चार मोजे दिले होते. शहादेव ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं हातानं त्याला गप्प केलं. पलीकडून हुंदका आल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि मग चौदा वर्षांत पहिल्यांदाच सासूच्या शिव्या खाणाऱ्या त्या सुनेनं, रडत की हसत कोण जाणे, उत्तर दिलं,

"चुकलं, आत्याबाई… तुमी कंदी येताव?"